टाचेवरचा ठिपका

ठमाबाई: म्हंजी त्या पन्नास-पंचावन्न देशांतल्या एकाबी मान्साच्या घरात लेकरू न्हवतं म्हना की!

मोहनराव: आजीबाई, जरा तोंड आवरा. जिनिव्हाला मोठमोठ्या राष्ट्रांचे वकील बसले होते. जगात अफू किती पिकवायची, कुणी विकायची, चोरटी कशी अडवायची, यावर कित्येक दिवस खल झाला. सगळ्यांनी सह्या केल्या. आपल्या सरकारनेसुद्धा.

ठमाबाई: आपलं सरकार म्हंजी तेच गोऱ्याचं न्हवं, ज्याचं इंदापुरात अफूचं दुकान हाय?

मोहनराव: ते परवान्याचं दुकान आहे.

ठमाबाई: व्हय की. दारावर पाटी, आत तराजू. हिकडल्या तोंडानं विका म्हनायचं, तिकडल्या तोंडानं खाऊ नगा म्हनायचं. आमच्याकडं असल्याला मांडूळ म्हंत्यात. रानात घावतं, दोन तोंडांचं.

मोहनराव: मी आबकारी खात्याचा कारकून. सरकार चालवत नाही. इंदापुरापासून सायकल मारत आलोय तो हा तक्ता भरायला. अफू खाणाऱ्याचं नाव, वय, धंदा आणि खाण्याचं कारण. गावोगावचे तक्ते मुंबईला जाणार, तिथून दिल्लीला, आणि मग जिनिव्हाला.

ठमाबाई: अगं बया! आमच्या कळस गावातलं नाव इतकं लांब जानार? आन् आतापातूर किती झाली?

मोहनराव: एकही नाही. पाटील म्हणाले, गावात एक म्हातारा खायचा, तो मागच्या साली वारला.

ठमाबाई: आबासाहेब म्हनलं? जेवन झालं की वाटान्याएवढी गोळी टाकून वसरीला लवंडत्यात, त्येच आबासाहेब न्हवं? तुमच्यासंगं बोलताना डोळं उघडं हुतं का त्यांचं?

मोहनराव: पाटलांचं राहू द्या. मी इथं सायकल थांबवली ती या पोरांसाठी. सहा पोरं लिंबाखाली निजलीत. तोंडावर माश्या बसताहेत आणि एकही कुरकुरत नाही. माझा मुलगा माशी बसली तर घर डोक्यावर घेतो. काय देता यांना?

ठमाबाई: तुमी इकता तेच. तुमच्याच दुकानातली हाय. खसखशीच्या दान्याएवढी, आईच्या दुधात उगाळायची आन् बोटानं चाटवायची. बाळगोळी म्हंत्यात तिला.

मोहनराव: शाबास! तान्ह्या पोरांना अफू! आणि वर जिनिव्हाला हसता. अडाणीपणाला काही सीमा?

ठमाबाई: हाय की. शीव थेट त्या बांधापातूर हाय. पल्याड ऊस, त्यात सहा आया खुरपत्यात. ह्यो कालवा आला, ऊस आला, आन् उसासंगं मुकादम आला. त्यो म्हनतो, बाई लेकराला पाजाय उठली की तिची पात मागं पडती. दोनदा उठली की खाडा. मंग लेकरू रडून कसं चालंल, सायब?

मोहनराव: म्हणून विष घालायचं?

ठमाबाई: मापानं. वीस वरसं सांबाळती म्या लेकरं. हिकडं बघा, ह्याची टाच.

मोहनराव: काळं काय लावलंय? दृष्टीचं?

ठमाबाई: दृष्टीचं गालाला लावत्यात. ही गोळीची खूण. ज्यानं गोळी दिली त्यानं टाचेला काजळाचा ठिपका द्याचा. मागं वरकुट्यात एका लेकराला आईनं दिली, आन् आजीला ठावं न्हवतं, तिनंबी दिली. सांजंला उठलंच न्हाय त्ये. तवापास्नं टाच बघितल्याबिगर हितं कुनी गोळी उगाळत न्हाय. तुमच्या पंचावन्न सह्या एकीकडं आन् माजा ठिपका एकीकडं. बोला, कोन्ता चालतो?

मोहनराव: फार गर्व आहे तुम्हाला त्या ठिपक्याचा.

ठमाबाई: का नसावा? माज्या हातनं एकबी दगावलं न्हाय.

मोहनराव: या शेवटच्या मुलीचा ठिपका अजून ओला दिसतो.

ठमाबाई: ती भीमा, कौसल्याची. आईला आज उशीर झाला. पळत आली, हितं निजवली आन् उसात पळाली. मुकादम वरडत हुता. म्या टाच बघितली, कोरी. मंग आत्ता, तुमी यायच्या आदी दिली तिला.

(कौसल्या हातात खुरपं घेऊन बांधावरून येते.)

कौसल्या: मावशी, भीमा उठली का गं? पान्हा दाटलाय, चोळी भिजली पार. मुकादम इहिरीकडं गेलाय तवर पाजती.

ठमाबाई: निजू दे तिला. आत्ता तर गोळी दिलीया.

कौसल्या: आत्ता? आत्ता कशी? म्या पहाटं घरीच दिलीती!

ठमाबाई: खुळी झाली का? टाच कोरी हुती तिची.

कौसल्या: पुसला म्या ठिपका. आबासाहेबांनी काल आमच्या आळीत पान्यावर निरोप धाडला, उद्या अफूचा सायब येनार, लेकराच्या पायाला काळं दिसलं तर तंगड्या मोडीन. तुला सांगनार हुती गं मावशी, खरंच सांगनार हुती. पर त्यो मुकादम...

ठमाबाई: उचल तिला. उचल आदी!

कौसल्या: भीमे! ए भीमे! मावशी, मान टाकलीया हिनं. ओठ बघ कसं झाल्यात.

मोहनराव: श्वास आहे का? छातीला कान लावा.

ठमाबाई: हाय. पर लांब लांब घेतीया. सायब, बघत काय बसलाय? पानी आना कालव्याचं!

मोहनराव: कशात आणू? भांडं कुठं आहे?

ठमाबाई: डोस्क्यावर टोपी हाय न्हवं? पळा! कौसल्ये, तळवं चोळ. जोरानं. चापट्या मार. मारू का म्हनून इचारू नगंस, मार!

कौसल्या: मारती की गं! डोळंबी हलवंना ही.

ठमाबाई: भाकरीसंगं आनलेला कांदा कुठंय? फोड. नाकापाशी धर. भीमे, ए बाय, रड. एकदा रड. म्या जलमभर लेकरांस्नी गप करत आले, आज तुज्या पाया पडती, रड.

मोहनराव: हे पाणी. निम्मं गळलं वाटेत.

ठमाबाई: टाळूवर नगं, तोंडावर मारा. आनी पायावर. आनिक. उबी धर तिला, खांद्यावर घे, हालीव.

मोहनराव: हललं! बोट हललं तिचं. पुन्हा आणतो पाणी.

कौसल्या: भीमे... रडली! मावशी, रडली गं! आईकलंस का?

ठमाबाई: आईकलं. रडू दे. पाज, पर निजू दिऊ नगंस. डोळं मिटलं की चिमटा काढ. मावळतीपातूर खांद्यावर घिऊन फिर.

मोहनराव: दवाखान्यात न्यायला हवं.

ठमाबाई: इंदापूर आठ कोस. बैलगाडी पोचंस्तवर दिस बुडंल, आन् गाडीच्या हिसक्यानं निजंल ती. हितंच जागवू. आज म्याबी हिच्यासंगं फिरती. वीस वरसांचा गर्व हुता, एका घटकंत पान्यात गेला. माज्याच हातनं गेली असती ही.

कौसल्या: तुज्या हातनं न्हवं, मावशी. सायब, तुमी येनार म्हनून म्या खूण पुसली. तुमी आला नसता तर ही आज रोजच्यावानी निजून उठली असती.

ठमाबाई: अफू अडवाय निघालं म्हनं! पंचावन्न देश मिळून आमचा एक ठिपका पुसून गेलं.

मोहनराव: मला कसं ठाऊक असणार? मी तर फक्त मोजायला आलो होतो.

ठमाबाई: मंग मोजा की. काढा तुमचा कागूद.

मोहनराव: आता कशाला? कागद भिजलाय.

ठमाबाई: भिजल्यावरबी लिवता येतं. लिवा हिचं नाव.

मोहनराव: वर्षाच्या आतलं मूल तक्त्यात धरत नाहीत, आजी. साहेब खोडतील.

ठमाबाई: खोडू देत. खोडाय तरी वाचावं लागंल.

मोहनराव: ...नाव?

कौसल्या: भीमा.

मोहनराव: वय?

कौसल्या: पाच म्हैनं.

मोहनराव: धंद्याचा रकाना मोकळा ठेवतो.

ठमाबाई: मोकळा का? लिवा, निजती. ती निजती तवा आईला मजुरी मिळती.

मोहनराव: लिहिलं. आता शेवटचं. अफू खाण्याचं कारण?

कौसल्या: आय उसात हाय.