ब्रोमीन आला कुठून?

(मोहोपाड्याजवळच्या एका रसायन कारखान्यातली छोटी प्रयोगशाळा. दुपारचे अडीच.)

आसावरी : हात लावू नका त्या भांड्याला, पोपटदादा! आधी हा कागद बघा. मशीननं काढलेल्या आलेखात दिसतात ही दोन टोकं? अगदी सारख्या उंचीची?

पोपट : दिसतात की. बैलाची शिंगं जशी.

आसावरी : ही ब्रोमीनची खूण. मला हवा होता क्लोरीन! हा ब्रोमीन आलाच कुठून? सात आठवडे डोकं फोडतेय मी.

पोपट : तुमचं ते एन्झाइमच खोडील असंल, ताई.

आसावरी : मलाही तेच वाटलं. म्हणून त्यालाच बदलत बसले, एकोणीस वेळा. काम सरळ आहे हो त्याचं. मिठातला क्लोरीन उचलायचा आणि औषधाच्या रेणूवर नेमक्या एका जागी नेऊन बसवायचा. क्लोरीनचा विषारी गॅस नाही, सिलिंडर नाही, मास्क नाही. आणि निकाल येत नाही म्हणून आज चार वाजता आपले मोठे साहेब, अनुपम सर, येऊन हे सगळं बंद करणार.

पोपट : मंग मी परत गॅसच्या प्लांटला?

आसावरी : हो ना! तुम्ही आणि तुमची ती धाप.

पोपट : बारा वर्सं काढली तिथं. वास आला तरी छाती आवळते आता.

आसावरी : माहितीय. म्हणूनच एवढी चिडचिड होतेय माझी. पाणी तपासलं, भांडी बदलली. मिठाचा तर प्रश्नच नाही, ते प्रयोगशाळेचं, एकदम शुद्ध... काय झालं? असे काय बघताय?

पोपट : ते संपलं व्हतं.

आसावरी : काय?

पोपट : शुद्ध मीठ. गणपतीच्या आदीच.

आसावरी : मग इतके दिवस त्या बरणीत काय आहे?

पोपट : मीठच हाय की! पेणकडं माझी सासुरवाडी, त्यांच्या आगरातलं आनलं. आमच्या हिनं वाटून, दोनदा चाळून दिलं. एक खडा नाय ठेवला.

आसावरी : अहो, समुद्राचं मीठ ते! त्यात ब्रोमीन असतो, चिमूटभर का होईना. आणि या मेल्या एन्झाइमला क्लोरीनपेक्षा तोच जास्त आवडतो! कपाळ माझं! मासे खारवायचं मीठ घातलंत माझ्या प्रयोगात? मला विचारायचं तरी!

पोपट : इचारनार कसं? तुमी फोनवर खरेदीवाल्यांशी भांडत व्हता. फोन ठेवून रडलात. ‘साधं मीठ मिळत नाय इथं,’ म्हनलात. मला वाटलं, साधं मीठ तर माझ्या घरी हाय.

आसावरी : साधं! देवा रे... काय बोलू मी तुम्हाला आता?

पोपट : रागवा हवं तर. पन एन्झाइम चांगलं हाय, हे तर कळलं? सायबांना सांगा, नव्या मिठानं परत करू.

आसावरी : सांगायचं तर कारण लेखी द्यावं लागेल. कंत्राटी माणसानं न विचारता कच्चा माल बदलला, कुठे नोंद नाही. उद्या तुम्हाला गेटच्या आत घेणार नाहीत.

पोपट : आन नाय सांगितलं तर?

आसावरी : तर चार वाजता कुलूप, आणि तुम्ही गॅसवर. दोन्हीकडून मार तुम्हालाच, आणि मी नुसती बघत बसायचं! नाही, मी एवढंच लिहिते, ‘मीठ अशुद्ध निघालं.’ बस्स.

पोपट : मंग स्टोअरची समिधा अडकंल. तिनं काय केलंय बिचारीनं?

आसावरी : मग करू तरी काय मी? सांगा ना, तुम्हीच सांगा!

पोपट : खरं हाय ते लिवा. गॅसवर अजून चौघं हायत, ताई. त्यातल्या धाकट्या नवीनला तर आत्ताशी खोकला लागलाय. हे तुमचं चाललं, तर ती पोरं सुटतील.

आसावरी : आणि तुम्ही?

पोपट : बघू. साजगावला कुठं तरी काम लागंल. लिवा, अडीचचे तीन व्हायला आले.

आसावरी : लिहिते... ‘प्रयोगातील मीठ एका कामगाराने...’

पोपट : ‘एका कामगाराने’ नका लिवू, उगाच बाकीच्यांवर संशय येतो. पोपट बारकू ठोंबरे लिवा.