किसनानं कानस काहून लावली

सांगा बरं, आमच्या किसनानं नव्याकोऱ्या गिअरच्या सायकलीला कानस काहून लावली? न्हाई सांगता यायचं तुमाला.

आधी गडी जुनी सायकल ढकलत सिद्धेश्वरचा चढ चढायचा. माथ्यावर महानंदाबाईचं हाटेल. दम लागला म्हनून तिथं टेकायचा. दोघंबी एकटे. मग किसनाच्या पोरानं गिअरची सायकल धाडली. पायडलापाशी दोन चक्रं. मोठ्याच्या अंगाला बारीक खुट्या, त्या चैनीला लहान्यावरनं मोठ्यावर अलगद वर घेतेत. माथ्यावर गिअर टाकला की किसना सुसाट पुढं! लाजरा गडी, थांबायला बहाना तर पाह्यजे.

बाई एकदा वरडली, "काय पाव्हनं, थांबून न्हाई राहिले?"

त्याच दिशी यानं कानशीनं खुट्या घासून सपाट केल्या. मग चैन नुसती खरखर करायची, वर चढायची न्हाई. रोज हाटेलापुढं उतरून हातानं बसवायचा.

म्या म्हनलं, "लेका, सायकल बिघडली का तू?"

"गप बे. हात काळे झाले की ती पानी घालती."

औंदा बाई लेकीकडं गेली, कायमची. म्या म्हनलं, "आता तरी नवं चक्र बसीव."

ऐकत न्हाई. रोज कुलपापुढं उतरतो, चैन बसवतो, अन् काळे हात तसेच घेऊन घरी येतो.