साहेबांची काचेची पेटी

नाही काकू, आजारी नाहीये तो — ताईनं हट्ट धरला म्हणून दवाखान्यात आणलंय नुसतं. तुमचं कासव असेल आजारी, आमचे साहेब ठणठणीत आहेत. साहेब म्हणजे हाच, हा सरडा — शॅमेलिऑन म्हणतात. जागचा हलत नाही, पण एक डोळा पुढं नि एक मागं, आमच्या दुकानाच्या मालकांसारखा, म्हणून साहेब. ताई सासरी जाताना देऊन गेली. घरात तुला बोलायला कुणीतरी हवं म्हणाली. मी फारसा बोलत नाही ना कुणाशी.

परवा आली नि आल्या आल्या सुरू — याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेत, म्हणे. वाकणारच की — फांदीवरचा जीव, त्याचे पाय काय गजासारखे सरळ असणार? मग म्हणे, फांदीवर कुठंय, हा तर तळाशी बसलाय. बसला असेल. माणूस नाही का बसत कधी खाली? आणि थरथरतो म्हणे — अहो, तो डुलत डुलतच चालतो, जातच तशी. जीभ पूर्वी वीतभर लांबून किडा टिपायची, हल्ली मीच भरवतो — लाडावलाय. जबडा हाताला जरा मऊ लागतो, पण ते वयानं — म्हणजे वय नाही तसं झालेलं. ते जाऊ द्या.

सरडा विकणारा दुकानदार म्हणाला होता, खास दिवा लाव, उन्हातलं काहीतरी त्यातून मिळतं, हाडांना लागतं. लागणारच, दिवे विकायचेत ना त्याला. दिवा कशाला? साहेब दिवसभर उन्हात असतात. शाळा सोडल्यापासून मी काच कापतोय, काकू. ही पेटी माझ्या हातची — फिरवा बोट कडेवरून, कुठं लागतंय? झाकणसुद्धा काचेचं, हवेला भोकं पाडलीत, एक तडा नाही. खिडकीत ठेवतो. खिडकीची काचही मीच बसवलीय. वारा नाही, धूळ नाही, नुसतं ऊन.

काय? काचेतून ते हाडांना लागणारं येत नाही म्हणजे? उजेड येतो, ऊब येते, आणि नेमकं तेवढंच बाहेर राहून बेल वाजवतं? — डॉक्टरांनी सांगितलं म्हणता, तुमच्या कासवासाठी. उघड्या पाठीवर ऊन हवं, काचेआडचं नको. कासवाचं वेगळं हो, त्याची पाठच हाडाची.

बरं, बोट पुढं करा. करा हो, चावत नाही. ताई म्हणते, पकड गेलीय. पूर्वी याला खांद्यावरून काढताना सदऱ्याचे धागे निघायचे, माहितीये? हं, ठेवतो. धरा, साहेब.

धरलं ना?

बोला ना काकू. धरलं ना त्यानं?

तुमची बोटं गार आहेत, म्हणून. द्या इकडे — खालून आधार द्या, पाय ओढू नका, पाय नका ओढू.

आलो, डॉक्टर. आमचाच नंबर.

नाही, पेटी आत नको. असू दे बाकावर. लक्षबिक्ष ठेवायची काही गरज नाही, काकू. कुणी नेली तर नेऊ दे.