ग्रह गिळणाऱ्याचा खुराक

आष्ट्याला सासुरवाडीत मी हल्ली दोन भाकरीवरच उठतो गड्या, आन् त्याला कारण अंतराळातला एक खलनायक हाय.

मेव्हणा आन् मी एकच मालिका बघतो. तिच्यात एक खलनायक ग्रह गिळतो, दुसरा काळ थांबवतो. जास्त ताकदीचा कोण, यावरनं जेवताना आमची जुंपली. मी ग्रह गिळणाऱ्याच्या बाजूनं. वाद काय मिटेना, तवा मेव्हणा म्हणाला, "दाजी, आबांनाच विचारू."

आबा म्हणजे माझे सासरे. जत्रंच्या मैदानात कुस्त्यांच्या जोड्या लावण्यात हयात गेलेली.

"तुमच्या गड्याचा खुराक काय, पाव्हणं?"

"रोज एक आख्खा ग्रह."

"जोर-बैठका?"

"न्हाई ओ. सिंहासनावर बसूनच असतो."

"मग ग्रह सोता हुडकून आणतो?"

"न्हाई. नोकर पुढ्यात आणून ठेवत्यात."

आबांनी माझ्या ताटाकडं बघितलं. सासूबाई पाचवी भाकरी वाढत होत्या.

"ह्येची जोड लागायची न्हाई," आबा म्हणाले. "ह्यो पैलवान न्हवं, कुणाचा तरी जावई हाय."