बांधाखालचा सांगाडा

भावकीची भांडणं काय सांगता राव, आमच्या बांधाखाली तर सांगाडा निघाला व्हता.

आमचे वडील आणि चुलते यांचं पारगावच्या वावरातल्या एका बांधावरून बोलणं बंद. पुण्याहून उत्खननाला आलेल्या मॅडमनी नेमका तोच बांध निवडला. बांधावर नांगर फिरत नाही, त्यामुळे खालचं सगळं शाबूत राहतं म्हणे. खणल्यावर आत हजारो वर्षांपूर्वीचा माणूस आडवा निजलेला. डोकं वडिलांच्या बाजूला, पाय चुलत्यांच्या बाजूला. फक्त घोट्यांखाली पावलंच नव्हती.

वडील लगेच म्हणाले, "बघा मॅडम. ह्यानं बांध कोरता कोरता त्याचं पायबी नेलं."

चुलते तापले. "मी कशाला नेऊ? ट्रॅक्टर तर ह्यांचाच फिरतोय बांधाला लागून."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "अहो, कुणीच नेले नाहीत. पुरतानाच कापलेत. तेव्हा माणसाला राहत्या घरातच जमिनीखाली पुरायचे. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये, म्हणून पाय तोडत असावेत, असं आम्हाला वाटतं."

वडील खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा सरळ भावाकडं बघून बोलले.

"पाय गेलं, पण जागा न्हाई सोडली गड्यानं."

चुलत्यांनी मान हलवली.

"मंग आपल्याच भावकीतला हाय."