कानाला स्क्रूड्रायव्हर

आमी मूळचं म्हसवडच्या बाजूचं, मेंढरामागं फिरणारं. बाप नुसत्या खोकण्यावरनं आजारी मेंढरू वळखायचा, आन मी वडूजला येऊन इंजनं वळखाया लागलो, एवढाच काय त्यो फरक. गॅरेजातल्या उस्तादानं पयल्या दिशी हातात पाना न्हाई दिला, स्क्रूड्रायव्हर दिला, म्हणला टोक इंजनाला टेकीव, मूठ कानाला लाव आन गप ऐक. काय सांगू तुमाला, आत कोण रडतंय, कोण दात खातंय, समदं कानात यायचं. जीप असू द्या, ट्रॅक्टर असू द्या, लोक म्हणायची बिरू मिस्त्रीच्या कानाला दावा.

आन त्योच कान गेला बघा. एकदम न्हाई, हळूहळू. सारा जलम इंजनाला चिकटलेला कान, दुसरं काय हुणार. बायकूला तेवढं ठावं, कमळीला, कारण जेवाया चारदा हाळी मारावी लागायची. बाकी कुणाला कळू दिलं न्हाई. तवाच सांगलीत त्यो कम्प्युटर आलावता, गाडीला वायर जोडली की काय बिघडलंय ते काचंवर लिवून येतंय म्हणं. समदी मिस्त्री चेष्टा करायची, मीबी हसायचो, पर जीव थाऱ्यावर न्हवता.

मग आमच्या शाळंच्या गुरुजींची नवी गाडी आली, बिनकार्ब्युरेटरची, समदं वायरीवर चालणारी, चालता चालता धक्कं खायाची. स्क्रूड्रायव्हर लावला तर आत निस्ती शांतता. आता इंजन गप हाय का मी भैरा, मलाच कळंना, आन चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी. गुरुजी म्हणलं, बिरू, सांगलीला न्हेऊ का. मी कवाच कुणाला दुसरीकडं जा म्हणलं न्हवतं. त्या दिशी म्हणलो चला, मीबी येतो.

तिथल्या माणसानं वायर जोडली, काचंवर अक्षरं उमटली, एक सेन्सर गेलावता, त्यो बदलला आन गाडी सुतागत चालाया लागली. त्यो माणूस माझ्याकडं बघून कायतरी बोलला, मला निस्तं ओठ हललेलं दिसलं. राग न्हाई आला, खरं सांगतो, त्या मशिनचा हेवा वाटला. त्याला कानच लागत न्हाई वो! येताना माझी सारखी चुळबुळ, गुरुजी म्हणलं पोटात दुखतंय का.

घरी येऊन कमळीला म्हणलो, गॅरेज बंद करतो. ती भाकरी थापत हुती, तशीच पिठाच्या हातानं उठली, दारात दुरुस्तीला आलेली जीप मला चालू कराया लावली, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून लय येळ उभी ऱ्हायली. मग माझ्या कानाशी येऊन वरडली, "आवं, दाणं सरल्यावर जातं खडखडतंय, तसं वाजतंय." म्हंजी व्हॉल्व्हवरचं टॅपेट ढिलं. उघडलं तर तसंच.

आता असं चाललंय. नव्या गाड्या सांगलीला लावून देतो, जुन्या हितं. लोक हसत्यात, हसू द्या. ती ऐकती, मी तिच्या कपाळाकडं बघतो, आठी पडली की इंजन बंद करतो. जुन्या गाड्याबी कमी हुत चालल्यात, बसवत न्हाई, एखादी येती का बघाया सारखा दारातनं रस्त्याला जातो. ती आता जेवाया हाळी मारत न्हाई, येऊन खांद्याला हात लावती. बिरोबानं तिचा कान तेवढा शाबूत ठेवावा.