गेजवरची तारीख

मोहियुद्दीन : थांबा, गोपीदादा. पॅरिसला गेलाव आणि त्या टॉवरवर चढलाव नाय?

गोपीनाथ : नाही चढलो. हम्माद चढला. मी खाली उभा राहून रिवेट बघत होतो.

मोहियुद्दीन : रिवेट!

गोपीनाथ : अरे, हजारो रिवेट. सव्वाशे वर्षांच्या वर ते लोखंड उन्हापावसात उभं आहे आणि जोड कुठे हललेला नाही. एकेका पायापाशी जाऊन हात लावून आलो. शेवटी एक पोलीस जवळ येऊन उभा राहिला. त्याला वाटलं असेल, हा म्हातारा आता पाना काढून सोडवायलाच बसतो.

मोहियुद्दीन : लांज्यात लोक विचारतील, पॅरिसला काय बघितलंत, तर तुमी सांगणार बोल्ट.

गोपीनाथ : रिवेट. बोल्ट वेगळा.

मोहियुद्दीन : हरलो. पट्टा लावा, पुढे कॅमेरा हाय. आणि जरा हळू बोला, साहेब मागे झोपलेत.

गोपीनाथ : हम्मादला मराठी कुठे येतंय! अॅमस्टरडॅमपासून दम्मामपर्यंत विमानात सिनेमे बघत आलाय. आता खफजी येईपर्यंत तोफ उडवलीस तरी उठायचा नाही. आईसाठी घेतलेली चॉकलेटं मात्र बघ, कशी मांडीवर धरून झोपलाय.

मोहियुद्दीन : म्हणजे बोलायला हरकत नाय. दादा, तो कागद भरलाव काय?

गोपीनाथ : खिशात आहे.

मोहियुद्दीन : भरलाव काय विचारतोय मी. ऑफिसातल्या मोठ्या मुदीरने सकाळी मला दोनदा फोन केलान. गोपीनाथला एअरपोर्टवरून थेट ऑफिसात आण, घरी सोडू नको, कागद आजच पाहिजे. तुमचा इकामा अठ्ठावीस तारखेला संपतोय. त्या कागदावरून आज ठरणार, राहायचा परवाना वाढवायचा की तुमाला घरी पाठवायचा.

गोपीनाथ : ठाऊक आहे.

मोहियुद्दीन : मग सोपा हाय. त्यात दोनच तर गोष्टी विचारल्यात. हम्माद तुमच्या जागी एकटा तपासणी करू शकतो काय, आणि नसेल तर अजून किती महिने तुमच्या हाताखाली पाहिजे. तुमी लिहा, सहा महिने. खलास. सहा महिन्यांनी परत सहा. पोरगा कच्चा हाय म्हटलाव तर तुमच्यावर कोण शंका घेणार? बावीस वर्षं त्या वर्कशॉपमध्ये काढलीत.

गोपीनाथ : तू रॉटरडॅम कधी बघितलंस का रे?

मोहियुद्दीन : मी दम्मामच्या पलीकडे फक्त हर्णे बघितलाय. विषय नका बदलू.

गोपीनाथ : बदलत नाही. गावाच्या मधोमध नदी, आणि पूल उघडतात बोटीसाठी. घंटा वाजली की गाड्या थांबतात. कोणी हॉर्न मारत नाही. लोक इंजिन बंद करून बसतात. आपल्याकडे असता तर चार जण पुलाच्या टोकावर जाऊन उभे राहिले असते, अजून किती वेळ म्हणून. शिस्त बघून माणूस खूश होतो. मग संध्याकाळी साडेसहाला चहा प्यावासा वाटला तर अख्ख्या रस्त्यावर एक दार उघडं नाही. पाऊस, वारा, आणि एक सत्तरीची बाई सायकलवरून भाजी घेऊन चाललेली, एकटी. मी म्हटलं, बाई, तुझं कौतुक करू की काळजी?

मोहियुद्दीन : आणि जेवण?

गोपीनाथ : पाव. सकाळी पाव, दुपारी पाव. मिलानमध्ये पावाला हात घातला तर दातच हलला. कॉफी म्हणशील तर अंगठ्याएवढा कप. पण चव मात्र अशी की बस! पॅरिसात जमिनीखालच्या गाडीला मुतारीचा वास, आणि वर आलं की समोर असली इमारत की मान दुखेपर्यंत बघत राहावं. दुकानात शिरून नुसतं “हाऊ मच” म्हटलं तर बाई तोंड फिरवते. आधी तिच्या भाषेत नमस्कार घालायचा, मग ती बोलणार. हम्मादला ते लगेच जमलं. त्याच्याकडे सलाम न करता कोणी कामाचं बोलतं का? मला म्हणाला, उस्ताद, हे लोक आमच्यासारखेच आहेत, फक्त थंडीत राहतात.

मोहियुद्दीन : दोन वर्षांपूर्वी हाच पोरगा आमच्या मोबाइलच्या दुकानात येऊन काउंटरवर चावी आपटायचा. आता उस्ताद, उस्ताद.

गोपीनाथ : तेव्हा बावीसचा होता.

मोहियुद्दीन : मी पण एका बावीसच्या सौदी पोराला शिकवला, दादा. मोबाइलची स्क्रीन कशी काढायची, बॅटरी फुगली तर काय करायचा. मग हुकूम निघाला, मोबाइलच्या दुकानात फक्त सौदी. तपासणीवाले आले त्या दिवशी त्यानेच मला सांगितलान, भाई, काउंटरच्या बाहेर उभा राहा, गिऱ्हाईक असल्यासारखा. सात वर्षं बसलो त्या स्टुलावर, आणि मी गिऱ्हाईक! म्हणून सांगतो. पोरं वाईट नसतात. पण तुमी सही केलाव की तुमी गिऱ्हाईक.

गोपीनाथ : मला जायचं नाहीये, मोहियुद्दीन. तुला खोटं कशाला सांगू? घरची वाट बघतेय, अंगण आहे, कलमं आहेत, सगळं आहे. पण पहाटे उठून मी करायचं काय? कलमांना टेस्ट लागत नाही.

मोहियुद्दीन : मग लिहा ना सहा महिने!

गोपीनाथ : मिलानचं ऐक आधी.

मोहियुद्दीन : ऐकतोय. खफजी यायला अजून वेळ हाय.

गोपीनाथ : मिलानपासून तासाभरावर तो कारखाना. आपले अकरा व्हॉल्व्ह, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर गॅसच्या लाइनला बसणारे. काम एवढंच की ते पाणी भरून दाब देणार, काटा ठरल्या आकड्यावर नेणार, ठरला वेळ धरून ठेवणार. आपण बघायचं, कुठे गळत नाही, आणि सही करायची. आता मी आत पाऊल टाकलं तर जमीन अशी चकचकीत की बूट काढावेसे वाटले. मला पांढरा कोट घातला. काचेच्या ग्लासातून कॉफी. मालक स्वतः हात मिळवायला आला, फोटो काढला. मी फुगलो रे. आयटीआय रत्नागिरीचा फिटर, आणि एवढा मोठा माणूस मला “मिस्टर गोपीनाथ” म्हणतोय.

मोहियुद्दीन : का नाय म्हणणार!

गोपीनाथ : दहा व्हॉल्व्ह झाले. अकरावा झाला. थेंब नाही. त्यांची जेवणाची वेळ झाली होती, सगळे घड्याळाकडे बघत होते. मी पेन काढलं. टोपण काढलं. आणि हम्मादने माझं मनगट धरलं. “दगीगा, उस्ताद.”

मोहियुद्दीन : एक मिनिट? तुमाला?

गोपीनाथ : मला. सगळ्यांच्या समोर. मी ओशाळलो, रागही आला. म्हटलं, काय? तर बोट दाखवलं गेजकडे. दाबाचा काटा ज्याच्यावर दिसतो ना, ते गेज. प्रत्येक गेजवर चिठ्ठी असते, कोणत्या तारखेपर्यंत ते खरं धरायचं याची. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते.

मोहियुद्दीन : तुमी बघितलाव नाय?

गोपीनाथ : नाही.

मोहियुद्दीन : तुमी? खफजीत कोणी नवीन गेज लावला की दुरून ओरडता, तारीख दाखव आधी!

गोपीनाथ : तेच तर. खफजीत मी माझ्या सख्ख्या भावाच्या गेजवर विश्वास ठेवणार नाही. तिथे बघितलंच नाही. म्हटलं, युरोप आहे, एवढा स्वच्छ कारखाना, इथे कसली चूक? जमीन पुसलेली बघून मी गेज खरं धरलं. पस्तीस वर्षं काम केलेला फिटर!

मोहियुद्दीन : मग त्यांनी काय केला?

गोपीनाथ : मॅनेजर हसला. म्हणाला, नुसती चिठ्ठी जुनी आहे, गेज उत्तम आहे, जेवून येऊ. हम्माद म्हणाला, तुम्ही जेवून या, मी इथेच बसतो. आणि बसला की रे! खुर्ची ओढून, त्या गेजच्या समोर, हाताची घडी घालून. चढा आवाज नाही, काही नाही. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी समजावीन म्हणून. मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या बाजूला बसलो.

मोहियुद्दीन : शाब्बास.

गोपीनाथ : दोन तासांनी दुसरं गेज आलं. पहिलं तपासलं तर दाब चार बार जास्त दाखवत होतं. म्हणजे व्हॉल्व्हना पुरता दाब मिळालाच नव्हता. अकराच्या अकरा परत तपासले. सातवा गळला. नखाएवढा थेंब, बॉडीच्या जोडावर. मी तो थेंब बोटाने पुसला, तर परत आला. प्लॅटफॉर्मवर त्याच्या बाजूला कोणीतरी उभा असणार होता ना!

मोहियुद्दीन : या अल्लाह.

गोपीनाथ : रात्री हॉटेलात मी त्याला विचारलं, तुला कसं दिसलं? तर म्हणतो, उस्ताद, मी तुमच्यासारखा व्हॉल्व्हकडे बघत नव्हतो, तुमच्या वहीप्रमाणे चाललो होतो. माझ्या तपासणीच्या वहीत सहीच्या आधीचा रकाना गेजच्या तारखेचा आहे. मी आखलेला. पहिले सहा महिने तो माझ्याशी भांडायचा, हे दर वेळी का लिहायचं म्हणून. मी म्हणायचो, लिही. आणि तिथे मी स्वतः तो रकाना नंतर भरू म्हणून मोकळा सोडला, ह्याने नाही सोडला.

मोहियुद्दीन : एकदा चुकलाव म्हणून काय झाला? बावीस वर्षांत एकदा!

गोपीनाथ : तू समजतोस तसा मी दुःखी नाहीये, बाबा. तिथेच एक म्हातारा फिटर होता. माझ्याहून मोठा, पासष्टीचा. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी नाही. पण दाब चढताना तो पाइपला असा तळवा लावून उभा राहायचा, जसा मी राहतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या इंग्रजी येणाऱ्या मुलीला मध्ये घेऊन बोललो. सातवा व्हॉल्व्ह त्याच्याच हातचा होता. लाज वाटली म्हणाला. मग हम्मादकडे बोट करून विचारलं, तुझा मुलगा? मी म्हटलं, नाही, शिकाऊ. त्याचा स्वतःचा मुलगा बँकेत आहे. हाताखाली कोणी येत नाही, आलं तर टिकत नाही. तो गेला की त्याच्या टेबलावर मशीन बसवणार आहेत. म्हणाला, तू नशीबवान आहेस.

मोहियुद्दीन : त्याला काय माहीत इकामा म्हणजे काय!

गोपीनाथ : नाही माहीत. पण ते खरंच होतं. पुढे रॉटरडॅमला आठ व्हॉल्व्ह होते, ते हम्मादने एकट्याने तपासले. मी कोपऱ्यात बसून. पूर्ण दिवसात मला कोणी काही विचारलं नाही. दुपारी उठून पूल बघायला गेलो तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पुलावर उभा राहिलो आणि डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने, म्हणायला. पण परत येऊन त्याची वही उघडली. एक खाडाखोड नाही, एक रकाना मोकळा नाही. आणि मग असा अभिमान वाटला की तिथल्या कोणा डच माणसाला धरून सांगावंसं वाटलं, हा माझा पोरगा आहे. आता तू सांग, ह्या पोराला मी कच्चा लिहू?

मोहियुद्दीन : पुढे ट्रक हाय, जरा थांबा.

गोपीनाथ : सांग ना.

मोहियुद्दीन : मी काय सांगू, दादा. गाडी चालवतोय मी.

गोपीनाथ : मिलानला मी एक खोटी सही करणार होतो, नकळत. त्याने हात धरला म्हणून वाचलो. आज कळून सवरून करू? आणि तीही त्याच्याच नावावर? पेन दे तुझं.

मोहियुद्दीन : माझा पेन चालत नाय.

गोपीनाथ : खिशात दिसतंय. दे.

मोहियुद्दीन : घ्या. पण गाडी हलतेय, आता नको. ऑफिसात बसून लिहा.

गोपीनाथ : ऑफिसात मुदीर समोर बसेल, चहा मागवेल, तूही तोंड पाडून दारात उभा राहशील. इथेच बरं. “एकटा तपासणी करू शकतो का?” हो. “अजून किती महिने?” शून्य. आणि पुढे आडवी रेघ, म्हणजे मागाहून कोणी काही भरायला नको. ही सही. हे घे पेन. चांगलं चालतंय की!

मोहियुद्दीन : खलास?

गोपीनाथ : खलास.

मोहियुद्दीन : शुक्रवारी कॅम्पात माशाचा कालवण कोण करणार आता?

गोपीनाथ : तू. दीड वर्ष बाजूला उभा राहून खातोयस, काही बघितलंस की नाही? आमसूल शेवटी टाकायचं, आधी नाही.

मोहियुद्दीन : मला नाय जमायचा.

गोपीनाथ : हम्माद पण हेच म्हणायचा.

(मागच्या सीटवर हम्माद कूस बदलतो. चॉकलेटची पिशवी खाली पडते.)

मोहियुद्दीन : ते बघा, कंपनीचे झेंडे दिसायला लागले. पाच मिनिटांत फाटक. उठवू साहेबांना?

गोपीनाथ : उठव. आणि फाटकाच्या आधी गाडी जरा बाजूला घे.

मोहियुद्दीन : का? उलटी होतेय?

गोपीनाथ : नाही रे. त्याला पुढे बसू दे. फाटकावर सगळे उभे असतील. कोण तपासून आलाय ते दिसू दे लोकांना.

मोहियुद्दीन : आणि तुमी?

गोपीनाथ : मी मागे. मिलानपासून धड डोळा लागला नाही माझा. आता झोप येतेय.